दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं नाही



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. पण वडिलांमुळे एक आजार जवळून पाहिला. आपला वर्ग आता चाळिशीपार आहे, मघाशी जेवताना 'मला गोड नको' म्हणणारे बरेच दिसले, म्हणून सांगते.

आजाराचं नाव शार्को फूट. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्ये सांध्यांच्या अशा नाशाचं वर्णन केलं, ते सिफिलिसच्या रुग्णांमध्ये. मधुमेहाशी त्याचा संबंध १९३६ मध्ये जॉर्डन यांनी दाखवला. कुष्ठरोगातही हे घडतं.

वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. पाय मुरगळला, हाडाला बारीक तडा गेला, तरी कळत नाही. एरवी आपण लंगडत घरी बसलो असतो. बधिर पायाचा माणूस त्याच पायाने बाजार करून येतो. आत दाह वाढतो, हाडं ठिसूळ होतात, सांधे निखळतात, पायाची कमान खचते. मग तळव्यावर भलतीकडे दाब येऊन जखम होते, ती चिघळते आणि कधी पाय कापायची वेळ येते. आमच्या भाषेत, सेन्सर बंद आणि मशीन चालू!

बाबांचा पाय सुजला, लाल झाला, गरम लागत होता. दुखत मात्र फारसं नव्हतं. जंतुसंसर्ग समजून गोळ्या दिल्या गेल्या. एक्स-रेत काही दिसलं नाही. सुरुवातीला असं होऊ शकतं. तीन आठवडे ते चालत राहिले. एमआरआयनंतर निदान झालं. मग प्लास्टर आणि कित्येक महिने पायावर भार द्यायचा नाही, हाच मुख्य उपचार. आज ते खास बुटांवर चालतात, पण खचलेली कमान परत आली नाही.

म्हणून मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे बघा, नाहीतर घरच्यांना बघायला सांगा. अनवाणी फिरू नका. वर्षातून एकदा पायाची संवेदना तपासून घ्या. नायलॉनच्या तंतूने टोचून पाहतात, दोन मिनिटांचं काम आहे. आणि एकच पाय सुजून दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर दुखत नसलं तरी चालणं थांबवा, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि 'शार्को तर नाही ना?' असं स्वतःहून विचारा.

सर, बाई, हे तुम्हालाही सांगतेय. पुढच्या मेळाव्याला सगळ्यांनी आपापल्या पायांनी चालत यायचं आहे.