प्रभारी मुख्याध्यापक



मुलांसाठी शाळा निवडताना आपण इमारत पाहतो, फी विचारतो, बस कुठपर्यंत येते ते विचारतो. मुख्याध्यापक कोण, हे सहसा विचारत नाही. आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

आपल्यापैकी बरेच जण राज्य सरकारच्या नोकरीत आहोत. कामानिमित्त खेड्यात गेलो की दुपारी टेकायला शाळाच असते. तिथं भेटतात ते 'प्रभारी'. दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत, टेबलावर समग्र आयडीच्या याद्या, शेजारी मध्यान्ह भोजनाचा हिशेब. एकदा असेच एक सर फळ्यावर गणित अर्धवट सोडून फोन घ्यायला बाहेर गेले, ते घंटा झाल्यावरच परतले. माहिती आजच्या आज हवी होती. फोन आमच्याच कचेरीतून होता, हे सांगायला लाज वाटते.

कायदा काय म्हणतो? शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पाचवीपर्यंतच्या शाळेत १५० हून अधिक मुलं असतील, तरच मुख्याध्यापकाचं वेगळं पद. सहावी ते आठवीला हा आकडा १००. म्हणजे लहान गावाच्या शाळेला वेगळा मुख्याध्यापक मिळण्याची हमीच नाही. शिकवणाऱ्यानंच कारभार हाकायचा. त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला लावू नये. याद्या आणि तक्ते मात्र शाळेचंच काम म्हणून खपून जातात!

आपल्याच मध्य प्रदेशात १९९७ साली शिक्षा गारंटी योजना आली. एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि ४० मुलं असतील (आदिवासी भागात २५), तर वस्तीनं मागणी करायची आणि सरकारनं ९० दिवसांत शिक्षक द्यायचा. शाळा मुलाच्या दारी गेली. आता सीएम राइज, म्हणजे नव्या नावानं सांदीपनी विद्यालयं आली आहेत. तिथं मूल बसनं शाळेकडे जातं. प्रयोगशाळा, मैदान, पूर्णवेळ प्राचार्य, हे हवंच. पण जिथं बस पोहोचत नाही, तिथला प्रभारी आहे तिथंच आहे.

धोरण बदलणं आपल्या हातात नाही. फोन मात्र आपल्या हातात आहे. तेव्हा कचेरीतल्या मंडळींना एवढीच विनंती, शाळेतून माहिती मागवायची असेल तर फोन शाळा सुटल्यावर करा.