एका वेळी अर्धा चमचा



संक्रांतीला आपल्या तळहातावर चिमूटभर काटेरी हलवा पडतो. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असं म्हणत आपण तो तोंडात टाकतो आणि पुढच्या घरी जातो. हाताने केलेला हलवा असेल, तर त्या चार दाण्यांमागे कुणाचे तरी तीन ते पाच दिवस गेलेले असतात. आज बोलणार आहे ते त्या दिवसांबद्दल. दाण्यावर साखर चढते कशी आणि ती चढवतं कोण, एवढाच विषय.

मी मिरजेचा. आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. काका लवकर गेले. पदरात दोन मुलं. डिसेंबर लागला की काकूंची कोळशाची शेगडी बाहेर यायची. त्या हलवा करायच्या, त्याचे दागिने ओवायच्या आणि विकायच्या. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्या शेगडीशी ऊब घेत बसायचो. त्यामुळे ही कृती मला तोंडपाठ आहे.

साखर आणि पाणी उकळायला ठेवायचं. त्यात थोडं दूध घातलं की साखरेतली मळी फेसाबरोबर वर येते, ती काढून टाकायची. पाक एकतारी झाला की गाळून घ्यायचा. निखाऱ्यांवर राख पसरून आच मंद करायची, वर परात ठेवायची. परातीत तीळ किंवा खसखस घ्यायची. मग त्यावर अर्धा चमचा पाक घालून बोटांनी गोल गोल फिरवत राहायचं. दाणा ओला होतो, फिरता फिरता पाकातलं पाणी उडून जातं आणि साखरेचे बारीक कण त्याच्या अंगाला धरतात. दाणे परातीत कोरडे सळसळू लागले की पुन्हा अर्धा चमचा. असं एकावर एक पुट चढत जातं.

मी एकदा विचारलं, “काकू, एकदम वाटीभर पाक ओतला तर?”

“तर ढेकूळ होईल रे बाळा,” काकू म्हणाल्या. “आधीचं सुकल्याशिवाय पुढचं द्यायचं नाही.”

सगळी विद्या त्या एका वाक्यात होती. आच वाढली तर साखर पिवळी पडते. आच कमी पडली तर दाणे एकमेकांना चिकटतात. हवा दमट, ढगाळ असेल तर पाक सुकायला तयार नसतो. म्हणून कोरडी थंडी हाच हलव्याचा हंगाम. पहिल्या दिवशी दाणा नुसता पांढरा होतो. पुढे अंगावर बारीक उंचवटे उठतात. नंतरचा पाक त्या उंचवट्यांवर धरतो, तिथंच सुकतो, आणि त्याचा काटा होतो. हात जोरात चालला तर काटे घासून मोडतात. म्हणून शेवटच्या दिवशी काकूंची बोटं परातीत जेमतेम हलायची. कान मात्र दाण्यांच्या आवाजाकडे असायचा.

थोडा हिशेब करून पाहा. खसखशीचा दाणा साधारण १ मिलिमीटरचा धरू. त्याचा ४ मिलिमीटरचा हलवा झाला, तर व्यास चौपट झाला. पण आकारमान झालं ६४ पट. म्हणजे एक भाग खसखस आणि ६३ भाग साखर, तीसुद्धा अर्ध्या अर्ध्या चमच्याने चढवलेली. संक्रांत जवळ आली की काकूंच्या बोटांची टोकं लालभडक झालेली असत. रात्री आमची अम्मी त्यांना खोबरेल तेल लावून द्यायची. “भाभी, तुम्ही होता म्हणून,” एवढंच काकू म्हणायच्या.

हीच विद्या मला पुढे ठिकठिकाणी भेटत गेली. आमच्या मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा आहे. उरुसात तिथं इलायचीदाण्याच्या राशी लागतात. इलायचीदाणा म्हणजे वेलदोड्याच्या बीवर चढवलेली साखर. पंढरपुरातून परतणारा वारकरी चुरमुऱ्यांबरोबर साखरफुटाणे आणतो. ते म्हणजे भाजलेल्या हरभऱ्यावर चढवलेली साखर. आमच्या पेठेत एकाच दुकानात दोन्ही मिळायचं. गिऱ्हाईक तबर्रुक म्हणून मागतंय की प्रसाद म्हणून, हे दुकानदार विचारत नसे. तो फक्त किती द्यायचं ते विचारायचा.

इटलीत सुल्मोना नावाचं गाव साखर चढवलेल्या बदामांसाठी प्रसिद्ध आहे. त्यांना तिकडे कॉन्फेत्ती म्हणतात आणि लग्नात पाहुण्यांना ते पाच-पाच वाटायची रीत आहे. पूर्वी युरोपात कार्निव्हलच्या मिरवणुकीत असले दाणे उधळत. पुढे त्यांच्या जागी कागदाचे कपटे आले आणि नावही कपट्यांना चिकटलं. इंग्लंडच्या सर ह्यू प्लॅट यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी गृहिणींसाठी एक पुस्तक लिहिलं. त्यात धणे-बडीशेपेवर साखर चढवण्याची रीत आहे: निखाऱ्यांवर दोरांनी टांगलेलं पितळी भांडं, पळीने थोडा थोडा पाक आणि हाताने ढवळणं. वाचताना मला काकूंची परातच आठवली.

एकोणिसाव्या शतकात युरोपात हे काम यंत्रावर गेलं. सिमेंट कालवायच्या यंत्रासारखं तिरकं, गोल भांडं फिरत राहतं. वरून पाक सोडायचा, वाऱ्याच्या झोताने सुकवायचा, पुन्हा पाक सोडायचा. भांड्यात दाणे एकमेकांवर घासत राहतात, म्हणून अंग गुळगुळीत होतं. शेवटी चकाकी यावी म्हणून ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण लावतात, किंवा लाख. हो, पळस-कुसुंबावरच्या किड्यापासून मिळणारी आपली लाखच! मुलांच्या रंगीत चॉकलेट गोळ्या अशाच होतात. औषधाच्या कडू गोळ्यांनाही साखरेचा अंगरखा असाच चढवत. १९५०च्या दशकात तिथं साखरेऐवजी पातळ पापुद्र्याचा लेप देण्याची पद्धत आली. नियम सगळीकडे एकच: पुट पातळ हवं आणि आधीचं सुकलेलं हवं.

यंत्राशी माझं भांडण नाही. बोटं भाजण्यात कसला आलाय पुरुषार्थ? यंत्रावरचा हलवाही आता बाजारात मिळतो. माझं म्हणणं वेगळंच आहे.

काकूंच्या हलव्याचे हार, बाजूबंद, नथ, मुकुट घालून काळ्या साडीतल्या कितीतरी नव्या सुना पहिल्या संक्रांतीला पाटावर बसल्या. कितीतरी बाळांचं बोरन्हाण त्या दागिन्यांनी सजलं. दागिन्यांचं खोकं पोचवायला काकू मला पाठवायच्या, कारण त्या कामाला त्या स्वतः जात नसत. हळदीकुंकवाचं बोलावणं आमच्या अम्मीला यायचं. अम्मी जायची, वाण घेऊन यायची. काकूंना बोलावणं नसे. त्या विधवा होत्या. ज्या घरात सगळे त्यांचा हलवा खात गोड बोलत होते, त्या घराचा उंबरा त्यांच्यासाठी बंद होता. अम्मी मिळालेलं वाण काकूंच्या ओट्यावर ठेवायची आणि म्हणायची, “वहिनी, यातलं अर्धं तुमचं.” काकू हसायच्या आणि परात घासायला घ्यायच्या.

२०२२च्या मे महिन्यात आमच्याकडून जवळच असलेल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. ती बातमी वाचली तेव्हा काकू हयात नव्हत्या. ठरावाने एका दिवसात माणसं बदलत नाहीत, हे मलाही कळतं. इथंही वाटीभर पाक एकदम ओतून चालत नाही. पण म्हणून पहिला अर्धा चमचा घालायचाच नाही, असं थोडंच आहे?

तेव्हा श्रोतेहो, येत्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घ्यायला जाल, तेव्हा हाताने केलेल्या हलव्याचा भाव ऐकून घासाघीस करू नका. मनातल्या मनात त्या ६३ भागांचा हिशेब करा. आणि दागिने करणारी बाई कुणीही असो, कशीही असो, तिला हळदीकुंकवाला या म्हणून सांगा. ती पहिल्या वर्षी येणार नाही कदाचित. दुसऱ्या वर्षी पुन्हा सांगा.