पोटखराब्यातलं बाळंतपण

पावसावर मी पुष्कळ कविता लिहिल्या. त्यांत बेडूकही आले, पण नुसते ओळ भरायला. कुठला बेडूक, राहतो कुठं, हे मी कधी विचारलं नाही.

काही वर्षांपूर्वी, जूनच्या पहिल्या पावसात, सावंतवाडीहून भाच्याबरोबर रात्री घाट चढून आंबोलीत शिरलो. मध्येच गाडी थांबवून बॅटरी मारली, तर डांबरावर तीन-चार सेंटिमीटरचे जीव चिरडलेले. बरेचसे आधीच्या गाड्यांखालचे. एक नक्की आमच्या. कुशीवर वाघासारखे पट्टे. गावातल्या एका जाणत्यानं सकाळी सांगितलं, हा आंबोलीचा भेक.

भेक म्हणजे खरखरीत कातडीचा, जमिनीवर वावरणारा बेडूक. शास्त्रज्ञांनी याला वेगळी जात म्हणून नाव दिलं 2009 साली, पट्ट्यांवरून ‘टायगेरिना’. त्याचा सख्खा भाऊ तेवढा कोयनेकडे. या वंशात आजवर माहीत असलेल्या जाती दोनच, दोन्ही आपल्या सह्याद्रीतल्या. आंबोलीचा भेक आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त आहे. म्हणजे वाघापेक्षाही अधिक धोक्यात, आणि वाघाइतकी चौकशी मात्र कोणी करत नाही!

त्याचं घर म्हणजे सडा, जांभ्या कातळाचं उघडं पठार. उन्हाळ्यात पाय भाजतील असा. सातबाऱ्यावर अशा जमिनीला ‘पोटखराबा’ म्हणतात. पण पहिल्या सरी आल्या की कातळावरचे उथळ खळगे भरतात, नर ओरडू लागतात, आणि मादी त्या ओंजळभर पाण्यात अंडी घालते. मोठ्या तळ्यात नाही, इथंच. पावसानं चार दिवस ओढ दिली तर खळगा आटतो आणि बाळंतपण वाया जातं. हा जुगार तो युगानुयुगं खेळत आलाय. जांभा खणणं, सड्यावरची बांधकामं आणि पावसाळी पर्यटकांच्या भरधाव गाड्या, हे मात्र त्या खेळात नव्हतं.

गेल्या जूनमध्ये पुन्हा गेलो. या वेळी मी बॅटरी घेऊन गाडीपुढं चालत होतो, रस्त्यावर बसलेल्यांना हलकेच कडेला सारत. भाचा काचेतून म्हणाला, “मामू, असं गेलो तर घरी पोचायला पहाट होईल.”

मी म्हटलं, “सावकाश चल. पुढं अजून तीन बसलेत.”