हंगामाच्या अखेरची पारध

माघ सरत आला म्हणजे यवतमाळ जिल्ह्यांतील घाटंजीच्या आसमंतांत कापसाची शेवटची वेचणी उरकते, पऱ्हाट्या उपटल्या जातात आणि काळी जमीन उघडी पडते. तुरीचा व ज्वारीचा आडोसा नाहींसा होतो. अशा उघड्या रानांत काळविटाला गांठणें महाकठीण. त्याची सारी भिस्त दृष्टीवर आणि पायांवर असते. ताशीं सुमारें ८० किलोमीटर वेगानें धांवूं शकणाऱ्या या प्राण्याला दाट झाडी ही अडचण, आणि मोकळें माळरान हाच किल्ला. म्हणून हंगामाच्या अखेरीस त्याची पारध करणें हें पूर्वीं मोठ्या कसबाचें काम होतें.

विदर्भांत हें कसब फांसेपारध्यांचें. यवतमाळकडे त्यांच्या वस्तीला बेडा म्हणतात. कोल्हापूरच्या दरबारीं चित्ता सोडून काळवीट धरीत. पारध्यापाशीं वेगाला वेगानें जिंकण्याचें असें साधन कोठून असणार? त्याच्यापाशीं होते फांस, शिकविलेला बैल आणि धीर. कळपाच्या जाण्यायेण्याची वाट हेरून खुंट्यांना बांधलेल्या फांसांची रांग मांडावयाची, बैलाच्या आडून पाऊल पाऊल सरकावयाचें आणि कळपाला न बिचकवितां हळूहळू त्या रांगेकडे वळवावयाचें. मध्येंच एखादें जनावर बुजलें, कीं सारा दिवस फुकट.

परंतु पारध्याची खरी परीक्षा पुढेंच असे. कळपांत गाभण माद्या असत, कोंवळीं पाडसें असत. फांसांत सांपडलेली गाभण मादी किंवा पाडस सोडून द्यावें, असा या समाजाचा दंडक असल्याचें माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा या संशोधकांनीं नोंदविलें आहे. घरीं चूल थंड असतां हातीं आलेलें अन्न सोडणें सोपें नव्हे. पण पुढील वर्षींचा कळप याच माद्यांच्या पोटीं आहे, हें पारधी जाणून होता. शिवाय फांस जनावराला जिवंत धरतो. सोडावें कीं ठेवावें, याचा विचार करावयास अवकाश राहतो. सुटलेल्या गोळीला तो नसतो.

पुढें बंदुका वाढल्या, मोटारी व रात्रींचे प्रखर दिवे आले, माळरानें नांगराखालीं गेलीं. काळविटांचे कळप ओसरले. त्यांच्यामागें धांवणारा चित्ता तर १९५२ सालीं भारतांतून नामशेष झाल्याचें जाहीर झालें. अमेरिकेंतहि प्राँगहॉर्न नांवाच्या, असेंच वेगानें धांवणाऱ्या माळरानी जनावराची एकोणिसाव्या शतकांत बेसुमार हत्या झाली. तेथें परवाने, ठरलेला हंगाम आणि मारावयाच्या जनावरांची मर्यादा, असे निर्बंध आल्यावर तें पुन्हां वाढलें. भारतानें संपूर्ण बंदीचा मार्ग धरला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आज काळवीट मारणें वा पकडणें हा गंभीर गुन्हा आहे, आणि तें योग्यच आहे.

मात्र या बंदीची झळ सर्वांना सारखी लागली नाहीं. हौशी शिकाऱ्याची करमणूक गेली. पारध्याची भाकर गेली. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें या समाजावर शिक्का मारलाच होता. १९५२ सालीं तो कायदा रद्द झाला, तरी लोकांच्या मनांतील संशय पुसला गेला नाहीं. त्यांत परंपरेचा धंदाहि बंद झाला.

घाटंजीपासून जवळच आज टिपेश्वरचें अभयारण्य आहे. जंगलाची राखण करावयास माग ओळखणारी नजर लागते, वाऱ्याची दिशा जाणणारा माणूस लागतो. ही विद्या बेड्यावरील म्हाताऱ्यांबरोबर संपूं द्यावयाची काय? बेड्यावरील मुलाला शाळा मिळावी, आणि शाळेनंतर त्याच रानांत राखणदाराची नोकरी मिळावी. ज्या समाजानें भुकेच्या वेळींहि गाभण मादी सोडून दिली, त्याच्या हातीं रान सोंपविण्यास कोणीं कचरण्याचें कारण नाहीं.