अक्षर आणि शिक्का
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



दिल्लीतील हुमायून मार्गावरचे, १९५६ साली उभारलेले ज्यूंचे प्रार्थनामंदिर आपल्यापैकी अनेकांनी जाता-येता पाहिले असेल. कोकणात तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले बेने इस्राएल हे तर आपले मराठीभाषक बांधव. ज्यू घराच्या दाराच्या चौकटीवर, आत शिरताना उजव्या हाताला, एक लहानशी डबी असते. तिच्यात गुंडाळून ठेवलेला चर्मपत्राचा लेख म्हणजे ‘मेझुझा’. हा लेख ‘कोशेर’, म्हणजे धर्मनियमांनुसार योग्य, आहे की नाही हे कसे ठरते, याविषयी मी चार शब्द बोलणार आहे.

मेझुझात ७१३ अक्षरे असतात. हस्तलिखित तोरेत ३,०४,८०५. लिहिणाऱ्यास ‘सोफेर’ म्हणतात. चर्मपत्र शुद्ध मानलेल्या प्राण्याच्या कातड्याचे, लेखणी पिसाची अथवा बोरूची, शाई बहुधा मायफळ, हिराकस आणि डिंक यांची. प्रत्येक अक्षराभोवती कोरी जागा हवी. दोन अक्षरे चिकटली की दोष. एखाद्या अक्षराच्या आकाराविषयी शंका आली, तर ते लहान मुलास दाखवितात. मूल फार हुशार नको आणि मंदही नको. पंडित संदर्भावरून ओळखतो. मूल समोर असेल तेच वाचते!

माझी सारी नोकरी नमुने तपासण्यात गेली. हे दोष आम्हा तपासनिसांच्या परिचयाचे, कारण ते दिसतात. पण मेझुझातील अक्षरे क्रमानेच लिहावी लागतात. सुटलेले अक्षर मागाहून घातले, तर सारा लेख बाद. ईश्वराचे नाव लिहिण्यापूर्वी तसा संकल्प उच्चारावा लागतो. अक्षर गळले असेल तर आता संगणकही दाखवून देतो. परंतु ते मागाहून गुपचूप भरले काय, संकल्प केला होता काय, हे तयार लेखावरून कोणीच सांगू शकत नाही. ते एकट्या सोफेरालाच ठाऊक! म्हणून लेखाइतकीच लिहिणाऱ्याचीही पारख होते. त्याचे ज्ञान आणि धर्मनिष्ठा पाहूनच जाणकार धर्मगुरू त्यास दाखला देतात. शिक्का मालावर मारता येतो. सचोटीवर मारता येत नाही, हे मला निवृत्तीच्या उंबरठ्यावर या परक्या शास्त्राने नव्याने शिकविले.

एकदा कोशेर ठरलेला लेखही कायमचा कोशेर राहत नाही. शाई उडते, दमट हवेने चर्मपत्र खराब होते. म्हणून तालमूदचा नियम असा, की खाजगी घरातील मेझुझा सात वर्षांत दोनदा तपासावा आणि सार्वजनिक वास्तूवरील पन्नास वर्षांत दोनदा.

आपल्या मंडळाला आज पन्नास वर्षे झाली. दारावरची पाटी आपण नवी रंगविली आहे. आतील अक्षरे शाबूत आहेत ना, हेही या निमित्ताने आपण पाहावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.