आंत उतरण्यापूर्वीं

मांजरसुंबा हें बीड जिल्ह्यांतील गांव बालाघाटाच्या पठारावर मोठ्या चौफुलीवर वसलेलें आहे. सोलापूरकडून बीडकडे जाणारा महामार्ग आणि पाटोद्यावरून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता येथें एकमेकांस छेदतात. कपिलधारच्या यात्रेकरूंसहि हें गांव ठाऊक असतें. या पठारावर नजर टाकली म्हणजे माणसाच्या श्रमाचीं दोन टोंकें एकदम दिसतात. वर, माळावर, पवनचक्क्यांचे पांढरे मनोरे उभे आहेत. आणि खालीं, शेताशेतांत, काळ्या पाषाणांत खणलेल्या विहिरी आहेत. एका टोंकाला कारागीर जमिनीपासून ऐंशी-शंभर मीटर वर चढतो, दुसऱ्या टोंकाला मजूर आठ-दहा परस खालीं उतरतो. दोन्ही ठिकाणीं माणूस आपल्या पायांनीं जातो. परंतु कांहीं विपरीत घडलें तर परत येणें त्याच्या हातीं राहात नाहीं. त्याला कोण, कशानें आणि किती वेळांत परत आणणार, याचा विचार काम सुरू होण्याआधीं झालेला असावा लागतो. आपल्याकडे तो बहुधा माणूस पडल्यावर सुरू होतो.

९ एप्रिल २०२४ हा गुढीपाडव्याचा दिवस होता. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील नेवासें तालुक्यांत वाकडी गांवीं एका पडीक विहिरींत मांजर पडलें. ती विहीर पाण्याची राहिलेली नव्हती. गोबरवायूच्या कामासाठीं शेणकाल्याचा खड्डा म्हणून तिचा उपयोग होत असे. मांजर काढावयास एक जण उतरला, तो वर आला नाहीं. त्याला काढावयास दुसरा उतरला, दुसऱ्यासाठीं तिसरा. असे सहा जण उतरले व त्यांपैकीं पांच जण मृत्यु पावले. सहावा वांचला. वर्तमानपत्रांतून आलेल्या हकीकतींत या सहाव्या माणसाविषयीं एकच वेगळी गोष्ट आढळते : उतरतांना त्याच्या कंबरेस दोर बांधलेला होता.

या पांच जणांस अविचारी ठरविणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. डोळ्यांदेखत आपलें माणूस कोसळलें असतां कांठावर स्वस्थ उभें राहावें, असें आपल्या घरांत कोणीं कोणास शिकविलेलें नसतें; शिकविलेलें असतें तें नेमकें उलट. अमेरिकेंतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेनें १९८६ सालीं काढलेल्या एका सूचनापत्रकांत असें म्हटलें होतें कीं, बंदिस्त जागेंत मरणाऱ्यांपैकीं शेंकडा ६० हून अधिक लोक हे दुसऱ्यास वांचवावयास गेलेले असतात. पुढील पाहण्यांत हें प्रमाण पुष्कळ खालीं आलें, तरी ज्या कामांत मदतीला धांवणाऱ्यांची गणना मृतांमध्यें अशी वेगळी करावी लागते अशीं कामें फार थोडीं असतील.

विहिरीच्या तळाशीं घडतें तें काय, हें नीट समजून घेण्यासारखें आहे. आपण ज्या हवेंत वावरतों तिच्यांत प्राणवायु शेंकडा २०.९ असतो. तो १९.५ च्या खालीं गेला कीं ती हवा कामास अयोग्य समजतात. १६ च्या सुमारास विचार अंधुक होतो, हातपाय मनाप्रमाणें चालत नाहींत. १० च्या खालीं शुद्ध जाते. ६ च्या खालीं कांहीं मिनिटांत मृत्यु. यांत घात असा कीं, प्राणवायु कमी पडल्याची सूचना शरीर देत नाहीं. श्वास कोंडल्याची जी तगमग आपणांस ठाऊक आहे ती कर्बद्विप्राणिल वायु रक्तांत सांचल्यानें होते. प्राणवायु नुसता उणा असेल तर माणूस तगमग न होतां, क्वचित् प्रसन्न चित्तानेंहि, खालीं बसतो आणि उठत नाहीं. शेण, मैला, कुजका पाला यांतून निघणारा दुसरा शत्रु म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. थोडा असतांना याला सडक्या अंड्यासारखी घाण येते, म्हणून लोक नाकावर विसंबतात. परंतु हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे शंभर भाग झाले कीं वास घेण्याची शक्तीच बधिर होते. घाण येईनाशी झाली म्हणजे हवा शुद्ध झाली, असा समज करून माणूस आणखी दोन पायऱ्या उतरतो. पांचशे-सातशे भागांवर तो कोसळतो. हजारांवर एक-दोन श्वास पुरतात. हा वायु हवेहून जड असल्यामुळें तळाशीं सांचून राहातो आणि शेणकाला ढवळला गेला कीं एकदम उसळतो.

जुनीं माणसें विहिरींत कंदील सोडून पाहात. ही परीक्षा निखालस खोटी नव्हे. प्राणवायु १६-१७ वर आला कीं ज्योत विझते. पण कंदिलाला हायड्रोजन सल्फाइड मारक प्रमाणांत असूनहि समजत नाहीं, आणि गोबरवायूंतील मिथेन हवेंत ५ पासून १५ टक्क्यांपर्यंत मिसळलेला असेल तर तोच कंदील स्फोट घडवितो. विलायतेंतील खाणींत कर्बएकप्राणिल वायु ओळखण्यासाठीं पिवळे कॅनरी पक्षी पिंजऱ्यांतून नेत असत. जॉन स्कॉट हॉल्डेन यांच्या सूचनेवरून रूढ झालेली ही चाल तेथें १९८६ पर्यंत टिकली. आज चार वायूंची परीक्षा करणारें यंत्र तळहातांत मावतें. तें दोरीनें खालीं सोडून वरच्या, मधल्या व तळच्या थरांतील हवा निरनिराळी पाहावयाची असते, कारण मिथेन वर जातो, जड वायु खालीं बसतात आणि तोंडाशीं घेतलेली एकच नोंद कांहींच सांगत नाहीं. काम चालूं असेतोंवर यंत्र उतरणाऱ्याच्या अंगावर राहिलें पाहिजे.

आतां दोराकडे वळूं या. भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६ व्या कलमांत असें सांगितलेलें होतें कीं, विषारी धुराचा संभव असलेल्या टांकींत किंवा खड्ड्यांत हवा निर्धोक असल्याची लेखी खात्री झालेली नसेल तर उतरणाऱ्यानें श्वसनयंत्र लावावें, त्याच्या पट्ट्यास दोर घट्ट जोडलेला असावा, आणि दोराचें मोकळें टोंक बाहेरच्या माणसाच्या हातीं असावें. त्या कायद्याची जागा पुढें नव्या संहितेनें घेतली. पण या एका वाक्यांत सुटकेची सबंध योजना आलेली आहे. खालच्या माणसास वर आणण्यासाठीं दुसऱ्यानें खालीं उतरण्याची गरजच पडूं नये, हें तिचें मर्म. मात्र कायदा कारखान्यासाठीं होता. शेतांतली विहीर आणि घरामागची मैलाटांकी त्याच्या कुंपणाबाहेर राहिली. मैलाटांक्यांसाठीं २०१३ सालीं स्वतंत्र कायदा झाला. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशा मृत्यूंबद्दल दहा लक्ष रुपयांची भरपाई ठरविली व ऑक्टोबर २०२३ मध्यें ती तीस लक्षांवर नेली. त्याच वर्षीं मे महिन्यांत, बीडला लागूनच असलेल्या परभणी जिल्ह्यांत, सोनपेठ तालुक्यांतील भाऊचा तांडा येथें टांकी साफ करतांना पांच मजूर दगावले होते. भरपाईची रक्कम वाढली. तिपाई कोणाच्या दारीं आली, असें ऐकिवांत नाहीं.

ही तिपाई म्हणजे तीन पायांची, हलक्या धातूची घडवंची. ती तोंडावर उभी करून तिच्या शेंड्यावरून दोर किंवा तारेची दोरी खालीं सोडतात आणि पायाला बसविलेल्या हातचक्रीनें एकटा माणूस दुसऱ्यास वर घेऊं शकतो. चक्रीला खीळ असते, त्यामुळें हात सुटला तरी दोर सुटत नाहीं. चक्री नसेल तेथें चार पदरी कप्पीची जोडणी चालते : सत्तर किलोच्या माणसाला उचलण्यास घर्षण सोडून साडेसतरा किलोचा जोर लागतो, परंतु पंधरा मीटर खोल विहिरींतून त्याला काढण्यास साठ मीटर दोर ओढावा लागतो, म्हणून तेवढा दोर आधींच जवळ हवा. दोर कंबरेस बांधणें हें कांहींच न बांधण्यापेक्षां पुष्कळ बरें. तथापि शुद्ध हरपलेलें शरीर कंबरेच्या दोरावर घडीसारखें मोडतें, निसटूं शकतें, आणि अरुंद तोंडांत अडकतें. म्हणून खांदे, छाती व मांड्या यांना धरणारा सबंध अंगाचा पट्टा, ज्याला कारागीर हार्नेस म्हणतात, तो वापरतात. त्याची कडी पाठीवर, खांद्यांच्या मध्यें असते आणि शरीर उभें वर येतें.

नाकाला ओला रुमाल किंवा औषधाच्या दुकानांतला मुखवटा बांधून उतरणें म्हणजे निव्वळ समजूत आहे. गाळणीचा मुखवटा हवा गाळतो. हवेंत नसलेला प्राणवायु तो कोठून आणणार? तेथें पाठीवरच्या नळकांड्यांतून स्वतंत्र हवा घेणारें श्वसनयंत्रच लागतें, आणि तें शिकल्याशिवाय वापरतां येत नाहीं. पंख्यानें ताजी हवा लांब नळीवाटे तळापर्यंत सोडणें उत्तम. निवळ प्राणवायूचें नळकांडें आंत मोकळें करणें मात्र घातक, कारण तशा हवेंत कपडेसुद्धां भडकतात.

मराठवाड्यांतील विहिरीचें काम पाहिलें म्हणजे मनांत येतें कीं, साधनें सर्वस्वीं नाहींत असें नाहीं. विहीर खणतांना कांठावर यारी उभी असते. तिच्या तारेवर दगड-मुरूम वर येतो. माणसेंहि पुष्कळदां त्याच डोलींतून ये-जा करतात, आणि तार तुटली किंवा यारी कलली कीं अनर्थ होतो. ज्या तारेवर दिवसभर दगड चढला तीच तार माणसाच्या जीवासाठीं योग्य समजूं नये. माणसाच्या अंगाचा दोर वेगळा, वेगळ्या खुंट्यास बांधलेला असावा. सुरुंग उडविल्यानंतर तळाशीं कर्बएकप्राणिल वायु व नत्राचे विषारी वायु रेंगाळतात. धूर दिसेनासा झाला म्हणजे ते गेले असें होत नाहीं. आडव्या बोअरसाठीं किंवा पाणी उपसण्यासाठीं तेलावरचें इंजिन विहिरींत उतरविण्याची जी चाल आहे ती तर सर्वथा सोडण्यासारखी : त्या इंजिनाचा धूर आणि चालविणारा माणूस एकाच भांड्यांत कोंडलेले असतात. जनावर किंवा माणूस पडलें असतां चार दोरांनीं बाज सोडण्याची गांवाची रीत आहे. हवा चांगली असेल तर ती रीत उपयुक्त आहे, कारण पाठीचा कणा दुखावलेल्यास आडवें वर घेतां येतें. पण तळाशीं हवा नसेल तर बाजेवर त्याला चढविणार कोण?

जुन्या बांधकाम करणाऱ्यांस ही काळजी अपरिचित नव्हती. मलिक अंबरानें औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, जी नहर आणली तिच्या भुयारावर ठिकठिकाणीं उभीं विवरें ठेवलेलीं आहेत. आंत उतरणाऱ्यास उजेड, वारा आणि बाहेर पडण्याची जवळची वाट या तिन्ही गोष्टी त्यांतून मिळत.

पवनचक्कीवर हवा मुबलक. तेथील धोका निराळा. शिडीवर चढणाऱ्याच्या पट्ट्याची कडी शिडीच्या मध्यें बसविलेल्या रुळावर सरकते व घसरगुंडी झाल्यास अडकते. मोकळ्या जागेंत दुहेरी दोर वापरतात, म्हणजे एक आंकडा काढतांना दुसरा लागलेला असतो. दोरांत झटका शोषणारी शिवण असते. ती उसवत जाऊन शरीराला बसणारा हिसका सुमारें सहाशे किलोंच्या भाराखालीं ठेवते. दोराची लांबी, शिवण उसवल्यानें होणारी वाढ आणि माणसाची उंची धरतां खालीं सुमारें सहा मीटर मोकळी जागा लागते. दहा-बारा फुटांच्या माळ्यावर हा दोर लावून काम करणारा माणूस दोर ताणला जाण्यापूर्वींच जमिनीस लागतो.

दोरानें झेललें म्हणजे माणूस वांचला, असें अनेकांस वाटतें. निश्चल लोंबकळणाऱ्या माणसाच्या पायांत रक्त सांचतें, मेंदूकडे कमी जातें, आणि कांहीं मिनिटांत तो बेशुद्ध होऊं शकतो. पुढें तेंच प्राणावर बेततें. म्हणून पट्ट्याबरोबर पाय टेकण्याची कापडी फास ठेवतात. लटकलेल्यानें तींत उभें राहून मांड्या मोकळ्या कराव्या. शुद्ध गेली असेल तर सहकाऱ्यानेंच त्याला खालीं आणावयाचें. त्यासाठीं मनोऱ्याच्या माथ्यावरच उतरणीचें यंत्र पेटींत बंद असावें, दोर मनोऱ्याच्या उंचीहून लांब असावा, आणि वर निदान दोघे असावेत. आगीच्या वेळीं हेंच यंत्र खिडकींतून बाहेर उतरण्यास उपयोगी पडतें. नेदर्लंड्समध्यें ओल्टगेन्सप्लाट येथें २९ ऑक्टोबर २०१३ रोजीं मनोऱ्याच्या माथ्यावर आग लागली तेव्हां जिन्याकडची वाट ज्वाळांनीं अडविली आणि दोन तरुण यांत्रिक मृत्युमुखीं पडले. खालीं जमलेल्यांकडे तेवढी उंच शिडी नव्हती.

कोणत्याहि गांवीं तेवढी उंच शिडी नसते. १०१, १०८ किंवा ११२ या अंकांवर हांक मारणें अवश्य; पण मांजरसुंब्यास बीडहून बंब यावयाचा, आणि राष्ट्रीय आपत्ति दलाची तुकडी पुण्याहून, म्हणजे कित्येक तासांनीं. प्राणवायु न मिळालेला मेंदू चार ते सहा मिनिटांत कायमचा दुखावूं लागतो. म्हणजे पहिलीं सहा मिनिटें कांठावरच्या माणसांचीं. म्हणून कांठावरच्या एका माणसास दुसरें कोणतेंहि काम सांगूं नये. त्यानें दोर धरावा, दर दोन-तीन मिनिटांनीं हांक द्यावी, उत्तर न आल्यास ओढावें, आणि कांहीं झालें तरी स्वतः उतरूं नये. दोराच्या खुणा आधीं ठरलेल्या असाव्या : एक हिसका म्हणजे ठीक, तीन म्हणजे वर घ्या. काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशीं सत्तर किलो वाळूचें पोतें तळाशीं सोडून तें वर येण्यास किती वेळ लागतो हें घड्याळ लावून पाहावें. पहिल्या खेपेस पोतें बहुधा कड्यावर अडकतें, कप्पी कुरकुरते, ओढणारे एकमेकांवर ओरडतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेस वेळ निम्म्यावर येतो. त्यानंतर दोर तपासावा, पीळ उसवलेला किंवा उन्हानें कडक झालेला असल्यास जनावरें बांधण्यास द्यावा, आणि नवा आणीपर्यंत कोणास उतरूं देऊं नये.