दंडावरचा दाब आणि हृदयाजवळचा दाब



आजचा विषय थोडा क्लिष्ट वाटेल. परंतु आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडाला केव्हा ना केव्हा रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला गेला आहे, तेव्हा तो अगदी परका नव्हे. पट्ट्याने सांगितलेला आकडा दंडातील धमनीचा असतो. हृदयाला जो भार सोसावा लागतो आणि मेंदू व मूत्रपिंडे यांच्याकडे जो दाब जातो, तो मात्र हृदयातून निघणाऱ्या महाधमनीतला. हे दोन्ही आकडे एकच, असे आपण गृहीत धरतो. ते एक नसतात.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर दाबाची एक लाट निघते. महाधमनी लवचिक असते. पुढच्या धमन्या निमुळत्या व ताठर होत जातात. हौदाच्या भिंतीवर आपटून पाण्याची लाट मागे फिरावी, तशी ही लाटही परतते व येणाऱ्या लाटेवर चढते. परिणामी वरचा आकडा दंडाकडे जाताना वाढतो. खालचा जवळजवळ तेवढाच राहतो. तरुण माणसात हा फरक 10 ते 20 मिलिमीटर, कधी अधिकही भरतो. वय झाले म्हणजे महाधमनीही ताठर होते, परतीची लाट लवकर येऊन तिथेच चढते आणि फरक कमी होतो. म्हणजे दंडात 145 भरलेला विशीतला उंच मुलगा आणि तितकाच आकडा असलेले सत्तरीचे आजोबा यांच्या हृदयावरचा भार सारखा असेलच असे नाही. अशा मुलाला औषध द्यावे की नुसते लक्ष ठेवावे, याबद्दल डॉक्टरांत आजही मतभेद आहेत.

मग हृदयाजवळचा दाब मोजावा कसा? खरी मोजणी म्हणजे मनगटातून वा जांघेतून बारीक नळी महाधमनीपर्यंत नेणे. ते प्रत्येक रुग्णाला कोण करील? यास्तव नाडीच्या आकाराकडे वळावे लागते, आणि येथे एका माणसाचे नाव घेतलेच पाहिजे.

फ्रेडरिक अकबर महोमेद. पाटण्याहून विलायतेला गेलेले व 1810 साली लंडनमध्ये हिंदुस्थानी खाणावळ काढणारे दीन महोमेद, त्यांचा हा नातू. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील विद्यार्थिदशा संपते न संपते तोच, 1872 साली, त्याने मनगटावरील नाडीचा आलेख काढणारे यंत्र सुधारले आणि दाब वाढला की नाडीचा आकार कसा बदलतो हे दाखविले. रिव्हा-रोच्ची यांचा दंडाचा पट्टा 1896 चा. त्याच्या चोवीस वर्षे आधीची ही गोष्ट! 1884 मध्ये, वयाच्या अवघ्या 35 व्या वर्षी, तो विषमज्वराने गेला. पुढे पट्ट्यामुळे सोपा आकडा मिळू लागला आणि आलेख अडगळीत पडला. तो पुन्हा वर काढण्यात सिडनीचे हृदयतज्ज्ञ मायकेल ओ'रूर्क यांचा वाटा मोठा आहे.

आता पेन्सिलीसारखे एक साधन मनगटाच्या धमनीवर हळूच दाबतात. धमनी हाडावर किंचित सपाट होते आणि लाटेचा आकार उमटतो. त्याला दंडाच्या पट्ट्याचे आकडे लावतात. काही रुग्णांत नळी घालून महाधमनीतला आलेख घेतलेला असतो. त्यावरून बसविलेल्या गणिताने मनगटाच्या लाटेवरून महाधमनीची लाट काढतात.

याचा उपयोग काय? 2006 साली प्रसिद्ध झालेल्या 'कॅफे' या पाहणीत 2,199 रुग्णांची अशी मोजणी झाली. काहींना अटेनोलॉलवर आधारलेले, तर इतरांना अम्लोडिपिनवर आधारलेले उपचार होते. दंडातला दाब दोहोंत जवळजवळ सारखा. पण महाधमनीतला वरचा दाब अम्लोडिपिनच्या गटात सरासरी 4.3 मिलिमीटरने कमी. ज्या मोठ्या प्रयोगाचा हा भाग होता, त्यात पक्षाघातही याच गटात कमी झाले होते. (हे ऐकून कोणी घरी जाऊन आपली गोळी परस्पर बदलू नये. अटेनोलॉल एकाएकी बंद करणे धोक्याचे असते.)

या पद्धतीत एक मोठी उणीव आहे. आलेख कितीही सुबक आला तरी त्याला लावलेले आकडे पट्ट्याचेच. पट्टा बहुधा वरचा दाब खऱ्यापेक्षा कमी व खालचा अधिक दाखवितो. ती चूक गणितातून तशीच पुढे जाते. शिवाय औषधांचे बहुतेक मोठे प्रयोग दंडाच्या आकड्यावरच झालेले असल्यामुळे उपचाराचा निर्णयही अजून त्यावरच होतो. म्हणून निदान तो आकडा तरी नीट घ्यावा: पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, दंडाच्या घेराला साजेसा पट्टा बांधून, आणि मोजणी चालू असताना न बोलता.